मढच्या लग्नाला अमेरिकेचं पत्र

पुण्याहून निघताना माझा बेत अगदी साधा होता. माळशेज घाट पाहायचा, दोन दिवस भटकायचं आणि शाळा उघडायच्या आत परत यायचं. वैशाखात घाटात जाणाऱ्याला लोक वेडा म्हणतात. घरचे मलाही तेच म्हणाले.

जुन्नरला एस.टी. बदलली. शेजारी इस्माईलचाचा नावाचे बांगड्यांचे व्यापारी येऊन बसले. मी शाळेत इंग्रजी शिकवतो हे कळताच त्यांनी माझा दंडच धरला.

"मास्तर, घाट कुटं पळून जात न्हाई. मढला उतरा. आज लगीन हाय, अन् त्या घरी एक पत्र आलंय. वाचणारं कुनी न्हाई."

"कुणाचं पत्र?"

"अमेरिकेच्या अध्यक्षाचं."

मी हसलो. चाचा हसले नाहीत. म्हणून उतरलो.

जांभळीच्या डहाळ्यांनी शाकारलेला मांडव होता. नवरीचे मामा, दगडूमामा, सामोरे आले. वडील वारल्यामुळे भाचीचं लग्न तेच करून देत होते. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रह्मदेशात होते. तिथं अमेरिकन शिपायांशी त्यांची दोस्ती जमली होती.

"त्यांनाच बोलावनार व्हतो. पन एकाचाबी पत्ता न्हाई. मंग त्यांच्या थोरल्या साहेबालाच पत्रिका धाडली. मानसं त्याचीच की!"

उत्तर खरोखरच अमेरिकेच्या अध्यक्षांच्या कचेरीतून आलं होतं. जाड, पांढराशुभ्र कागद, वर गरुडाचा शिक्का. सारा मांडव गोळा झाला. मी बाकावर उभा राहून मराठीत सांगू लागलो: "आदरणीय दगडू महाशय, आपलं निमंत्रण मिळाल्याचा अध्यक्षांना आनंद झाला. कामामुळे त्यांना येता येत नाही. आपल्याला आणि आपल्या भाचीला त्यांच्या शुभेच्छा. सही, चिटणीस."

"म्हंजे दिवानजीनं लिवलंय," एक आजोबा म्हणाले. "मोठ्या घरी असंच असतंय."

दगडूमामांची छाती फुगली. तेवढ्यात मागून आवाज आला, "अन् आमचं नाव कुटंय?"

हे तात्याबा, पिंपळवंडीचे बागाईतदार आणि नवरदेवाचे वडील.

"तुमचं नाव... यात नाही," मी म्हणालो. "त्यांना कसं कळणार?"

"पत्रिकेत छापलं व्हतं की!"

तात्याबांनी उपरणं झटकलं. "पोरीच्या मामाला आदरणीय महाशय, अन् पोराच्या बापाचा पत्ता न्हाई! बैल जुपा रे! वऱ्हाड माघारी!"

गाडीवाले खरंच उठले. दगडूमामा हात जोडून म्हणाले, "तात्याबा, म्या त्या कागदावर तुमचंबी नाव लिवतो."

"खाडाखोड चालायची न्हाई."

तेव्हा घराच्या दारातून नवरी बोलली. हौसा तिचं नाव, सातवी पास. कपाळावर मुंडावळ्या, चेहरा रडवेला, पण आवाज खणखणीत. "मास्तर, मामंजींच्या नावानं साहेबाला पत्र लिवा. ते सांगतील तसं. पन बिगी बिगी लिवा, मुहूर्त टळतोय!"

भावी सून चारचौघांत बोलली म्हणून कुजबुज झाली. तात्याबा मात्र थांबले आणि गाडीच्या जुवावर बसले. "लिवा मास्तर. अध्यक्षसायबांना रामराम. तुमी मुलीकडं पत्र धाडलं, ब्येस केलं. पन मुलाचा बाप जित्ता हाय. त्याची लई बागाईत हाय, बैलाच्या दोन जोड्या हायेत, अन् तो रुसलाय."

मी इंग्रजी करू लागलो. बागाईत जमली, बैल जमले, पण रुसण्याला शब्द सापडेना. शेवटी 'अत्यंत व्यथित' अशा अर्थाचं काहीतरी लिहिलं. तात्याबांनी त्याचा अर्थ विचारला, दोनदा मान हलवली आणि अंगठा उठवला.

"चला आता," इस्माईलचाचा ओरडले. "भटजीचा घसा सुकला!"

अंतरपाट धरला गेला, अक्षता पडल्या. जेवायला मासवडी (बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून केलेली वडी) होती. नाव ऐकून मी शाकाहारी माणूस हात आखडून बसलो. तिच्यात मासा असतो असं मी समजलोय हे पंगतीला कळलं तेव्हा हसता हसता एकाला ठसका लागला. मग मी पाच वड्या खाल्ल्या. वाढायला खुद्द तात्याबा होते. नाही म्हणायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी घाटाच्या तोंडाशी गेलो. उन्हाच्या धुरकटपणात दोन डोंगर दिसले, तेवढंच. परतताना जुन्नरला तात्याबांचं पत्र पोस्टात टाकलं. चिटणीस ते फेकून देईल अशी माझी खात्री होती. पुण्यात घरच्यांनी घाट कसा होता विचारलं, तर मी लग्नच सांगत बसलो. प्रवासाला निघताना आपण डोंगर-दऱ्या पाहायचं ठरवतो. सांगायला उरतात ती माणसं.

दिवाळीच्या सुमारास पिंपळवंडीहून कार्ड आलं. अक्षर हौसाचं:

'मास्तरांना नमस्कार. मामंजींना अमेरिकेचं पत्र आलं. त्यात त्यांचं नाव आहे आणि झाल्या गोष्टीबद्दल दिलगिरी आहे, असं जुन्नरच्या वकिलांनी वाचून सांगितलं. मामंजी ते पत्र घेऊन मढला गेले, मामांकडे दोन दिवस राहिले. आता म्हणतात, दर वेळी परका माणूस कुठं शोधायचा, सुनेनंच इंग्रजी शिकावं. दुपारचं शेतावरचं काम मला माफ केलं आहे. सासूबाई रागावल्या आहेत, पण मामंजी ऐकत नाहीत. तरी पहिलं पुस्तक लवकर पाठवा. त्यांचं मन बदलायच्या आत ते संपवायचं आहे.'

मी त्याच संध्याकाळी पहिलं, दुसरं आणि तिसरं, अशी तिन्ही पुस्तकं बांधून पाठवली.