लेबलवरचा झरा

डॉक्टरांनी आईला भरपूर पाणी प्यायला सांगितलं आणि तिने नेमकं तेच सोडलं. आजारपणानंतर तिला घरचं पाणी मेल्यासारखं लागायचं. "गावच्या जिवंत झऱ्याचं असतं तर प्यायले असते," एवढंच म्हणायची. ती दिवसेंदिवस सुकत चालली होती आणि मला भीती वाटू लागली होती. शेवटी एका रविवारी चिंचवडहून गाडी काढली आणि लोणावळ्याजवळच्या तिच्या माहेराकडे निघाले.

तुंगार्लीत एका दुकानात पाण्याची बाटली घेतली. लेबलवर डोंगर, डोंगरातून उडी घेणारा झरा. "इथलंच पाणी आहे मॅडम, पुढेच प्लांट आहे," दुकानदार म्हणाला. म्हणजे निम्मं काम झालंच, असं समजून मी खुशीत प्लांट गाठला.

पांढरी टोपी घातलेल्या सुपरवायझरला विचारलं, "झरा कुठे आहे?"

"लेबलवर," तो हसला. "पाणी बोअरचं."

त्याने हौसेने सगळं दाखवलं. पाणी आधी वाळू-कोळशातून गाळायचं, मग बारीक पडद्यातून, तिथे क्षारसुद्धा अडकतात. नंतर थोडे क्षार मोजून परत घालायचे.

"काढायचे आणि परत घालायचे?"

"सगळंच काढलं की चव जाते ना."

शेवटी अतिनील दिवा आणि ओझोन वायू, जंतू मारायला. माझ्या डोक्यात आईचाच शब्द होता. मी विचारलं, "मग पाणी जिवंत राहतं का?"

त्याचा चेहराच पडला. "मॅडम, असं कुठे बोलू नका. यात काही जिवंत सापडलं तर आमचं लायसन्स जाईल."

बोअरला पाणी कुठून येतं, विचारलं, तर त्याने समोरचा डोंगर दाखवला. त्याच डोंगराच्या पायथ्याला आईचं गाव. मी आणखीच गोंधळले.

गावात आईची बालमैत्रीण भेटली. मावशींनी मला ओटीवर बसवलं, कपाटातून सीलबंद बाटली काढली आणि पेलाभर पाणी दिलं. लेबल तेच.

"मावशी, मला झऱ्याचं हवंय."

"उपळ्याचं, त्या कातळाखालच्या झऱ्याचं व्हय? पाव्हनीला ते कसं द्यायचं? लोकं नावं ठिवत्यात."

"आणि तुम्ही?"

"आमी तेच पितो. आमाला काय हुतंय?"

घरामागे कातळाखाली पाणी जेमतेम ठिबकत होतं. मी माझी दुकानातून घेतलेली बाटली रिकामी करून धरली. बऱ्याच वेळाने पाऊण भरली. मावशींना ओशाळल्यासारखं झालं असावं. त्यांनी ओटीवरची उरलेली बाटलीही माझ्या हातात कोंबली. "आईला सांगा, चांगलं पानी बी धाडलंय."

उर्से टोलनाका मागे टाकून घरी पोचले, बाटल्या टेबलावर ठेवल्या आणि जागीच थबकले. दोन्ही पाऊण भरलेल्या, दोन्हींवर तोच झरा. उजेडात धरून पाहिल्या, हुंगून पाहिल्या. काही केल्या कळेना.

आई वाट बघत होती. मी हाताला आली ती बाटली घेतली. "उकळून देऊ का गं?"

"जिवंत पाणी कुणी उकळतं का?"

तिने अख्खा पेला संपवला, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "हेच ते." माझे डोळे भरून आले. तिने आणखी मागितलं. दुसरी बाटली उघडायची माझी हिंमत झाली नाही. त्याच बाटलीतून दिलं.

त्या बाटलीत आता तळाशी थोडंसंच उरलंय. उद्याही आई मागणार. आणायला डोंगरापर्यंत जायचं की कोपऱ्यावरच्या दुकानात, एवढंच मला कळत नाहीये.