खंदारेच्या घड्याळाचा खरा भाव

जुनं घड्याळ विकायला काढलं की गिऱ्हाइकाच्या आधी किस्से गोळा होतात. चहाच्या टेबलावर निसतं म्हणून बघा, "याचं किती येईल?" ज्यानं जन्मात घड्याळ बांधलं नाही, त्याच्याकडं बी फसवणुकीचा एक किस्सा तयार असतोच!

पंच्याहत्तरच्या आसपास मी पूर्णा जंक्शनला गार्ड होतो. आमच्यातला, रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन खंदारे एक दिवस वडिलांचं खिशातलं घड्याळ रुमालात बांधून घेऊन आला. चांदीचं, निजामाच्या काळातलं. त्याच्या पोरीचा, शांताचा नांदेडला नर्सिंगला नंबर लागला होता. सोमवारपर्यंत फी भरली तर ठीक, न्हाई तर जागा दुसरीला.

"कुणी फसवू नये, एवढंच बघा," खंदारे म्हणाला. झालं! सगळे सरसावून बसले.

*

पहिला सुरू झाला आमचा इंजिनावरचा फायरमन गणपत. त्यानं परभणीला साखळीचं घड्याळ दाखवायला नेलं होतं. दुकानदारानं घड्याळ हातात घेतलं, पण गणपतनं साखळी काय सोडली नाही.

"अहो, सोडा की," दुकानदार म्हणाला.

"घड्याळ तुमी बगा, साखळी मी बगतो."

शेवटी सौदा ठरला. दुकानदारानं नोटा पुढं केल्या. गणपतनं ओढल्या, तर नोटा हलेनात. दुसरं टोक दुकानदारानं धरून ठेवलेलं!

"आधी साखळी सोडा," म्हणाला.

*

मग मी सांगितलं, आमचे एक काका सोनपेठचे. त्यांना जुनी भिंत पाडताना गाडग्यात निजामाच्या राज्यातले चांदीचे हाली रुपये सापडले. काकूनं रात्रीत चिंच आणि राख लावून असे घासले की आरशागत झाले. सराफ म्हणाला, "काका, काल पाडलेत का हे?"

काका खवळले. घरी येऊन त्यांनी सगळे रुपये उकिरड्यात पुरले. महिनाभरानं काळे झाल्यावर पुन्हा त्याच सराफाकडं गेले.

सराफानं एक रुपया उचलला, वास घेतला आणि म्हणाला, "जुने हायत खरे. पण राजे-महाराजे गुरं बी राखत होते का?"

*

आमच्या ऑफिसातले क्लार्क देशपांडे म्हणजे हुशार माणूस. शकी तर इतके की स्वतःच्या सहीवर बी भरोसा नाही! त्यांनी सकाळी मानवतला चाळीस रुपयांना घड्याळ विकलं आणि दुपारी मेव्हण्याला गिऱ्हाईक करून त्याच दुकानात पाठवलं. दुकानदारानं त्याच घड्याळाचे अडीचशे सांगितले.

देशपांडे तरातरा आत घुसले. "सकाळी तर भंगार म्हणाला होतात!"

दुकानदार शांतपणे म्हणाला, "सकाळी ते तुमचं होतं, साहेब."

*

मी बी काय कमी नव्हतो. आतलं मशीन बदलतील म्हणून मी माझ्या घड्याळाच्या झाकणाला आतून सुईनं खूण केली होती. दुकानदारानं झाकण उघडलं, भिंग लावून बघितलं आणि म्हणाला, "माल चांगला हाय, पण कुण्या येड्यानं आतून ओरखडलंय. वीस रुपये कमी!"

*

एवढं सगळं ऐकून खंदारे परभणीला गेला, मानवतला गेला. साठाच्या वर कुणी बोलेना. शेवटी स्टेशन रोडच्या रज्जाक मामूकडं गेला. मामू घड्याळं दुरुस्त करायचा, जुनी घड्याळं आणि नाणी घ्यायचा-विकायचा. त्यानं घड्याळ बघितलं आणि एकदम म्हणाला, "तीनशे."

खंदारेनं घड्याळ हिसकावलं आणि धापा टाकत आमच्याकडं आला. "तीनशे म्हणायलाय! कायतरी गोम हाय!"

"पक्की गोम हाय!" आमी सगळे एका सुरात म्हणालो. गणपतला तर आत सोनं असल्याचा संशय आला. देशपांडे म्हणाले, "एवढा खरा माणूस धंद्यात टिकतो का कुठं?" या चर्चेत शनिवार गेला.

रविवारी कौसावहिनी, म्हणजे खंदारेची बायको, आमच्यावर भडकली. "सोमवार काय तुमच्यासाठी थांबणार हाय का?" तिनं नवऱ्याला आणि साक्षीला म्हणून मला, दोघांना ओढत मामूकडं नेलं.

मामूनं घड्याळ हातात घेतलं. "भाभी, इकताय कशाला?"

"पोरगी नर्स व्हायला चाललीय."

मामूनं भिंग काढून ठेवलं. तबकडीवरचा बारका काटा दाखवला. "मग हे इकू नका. नर्सला नाडी मोजाया सेकंदकाटा लागतो. नवं कुठून आणणार? हे तिलाच द्या."

खंदारेनं माझ्या मांडीला चिमटा काढला. कानात म्हणाला, "बघ, भाव पाडायलाय!"

वहिनीनं मानेमागची गोफाची गाठ सोडली आणि गळ्यातली चांदीच्या रुपयांची माळ मामूच्या पुढ्यात ठेवली. खंदारेचा हात माझ्या मांडीवरून सुटला.

"मग हिचा खरा भाव सांगा, मामू," वहिनी म्हणाली. "पर एकेक रुपया फरशीवर वाजवून घ्या. सासूनं घातलेली हाय, मला काय भरोसा न्हाई!"