दुसऱ्या बाईची गाडी

माझे गुडघे कुरकुरायला लागले ते दुकान बंद केल्यावर. आमचं शाळेच्या गणवेशांचं दुकान होतं. दिवसभर काउंटरमागे उभी राहायचे, मापं घ्यायचे, गठ्ठे उचलायचे, पण गुडघ्यांची आठवणही व्हायची नाही. दुकान मोडलं, घरी बसले आणि वर्षभरात भाजी आणायला कोपऱ्यापर्यंत जाणंही जड झालं. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणत होते आणि मी उन्हाळा जाऊ दे, पावसाळा जाऊ दे, असं करत होते.

मुलगी पुण्याहून नातीला घेऊन आली की काहीतरी ठरवूनच येते. त्या खेपेला तिनं विजापूर रस्त्याला झालेलं नवं पार्क ठरवलं होतं. पाण्याच्या घसरगुंड्या, मोठे पाळणे, झुकझुक गाडी, सिमेंटचे डायनासोर. मी म्हटलं, "तुम्ही दोघी जा. मी तिथं येऊन कट्ट्यावर पिशव्याच सांभाळणार ना?"

"तिथे बॅटरीची गाडी भाड्यानं मिळते, आई. खुर्चीसारखी असते. बसायचं आणि अंगठ्यानं खटका दाबायचा."

"म्हाताऱ्यांसाठी?"

"गुडघेवाल्यांसाठी," ती म्हणाली आणि विषय संपला.

मधला वार होता, त्यामुळं पार्कमध्ये माणसं तुरळक होती. फेब्रुवारी सरत आला होता. सकाळचं ऊनही चटके द्यायला लागलं होतं. दाराशेजारी एका पत्र्याच्या शेडमध्ये त्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या आणि तिथं निळा कोट घातलेली, माझ्यापेक्षा थोडी लहान अशी बाई बसली होती. मुलीनं आधार कार्ड काढून तिच्यापुढं धरलं. बाईनं तिच्याकडं बघितलं नाही. ती माझ्याकडं बघून हसली आणि म्हणाली, "आलात व्हय? लई दिस झालं की. तुमची गाडी बाजूलाच ठेवलीया."

मला वाटलं, मुलीनं फोनवरून सांगून ठेवलं असेल. मुलीला वाटलं, ही बाई सगळ्यांशीच असं बोलत असेल. बाईनं मागच्या बाजूची एक लाल गाडी ओढून पुढं आणली. "कार्ड ऱ्हाऊ द्या. तुमचं कशाला पायजे कार्ड?" असं म्हणून तिनं माझ्या बगलेत हात घालून मला सफाईनं बसवलं. तिनं उजव्या बाजूनं आधार दिला. माझा उजवा गुडघाच जास्त वाईट होता आणि ते मी तिला सांगितलं नव्हतं.

सीटवर तुकड्या-तुकड्यांची शिवलेली उशी नाड्यांनी बांधली होती. टाके बारीक आणि एकसारखे. कुणीतरी घरी बसून, मन लावून शिवलेली. मी टेकले आणि पाठ बरोबर मागच्या आधाराला लागली, कोपर बरोबर खुर्चीच्या हातावर आलं, पाय बरोबर खाली टेकले. आयुष्यभर लोकांच्या अंगाची मापं घेतली आहेत. एखादी वस्तू कुणाच्या मापाची आहे हे मला कळतं. ती गाडी माझ्या मापाची होती.

हँडलमध्ये वेगाची गोल चावी होती. एका टोकाला कासवाचं चित्र, दुसऱ्या टोकाला सशाचं. चावी कासवावर होती. मी तशीच राहू दिली.

मुलगी आणि नात पाण्याच्या बाजूला गेल्या. "जेवायच्या वेळेला इथेच भेटू," मुलगी म्हणाली. मी एकटीच निघाले. किती दिवसांनी न थांबता, कुठं बसायला मिळेल हे न शोधता मी चालले होते. बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. झुकझुक गाडीच्या फाटकापाशी उभ्या असलेल्या माणसानं मला बघून कपाळाला हात लावून नमस्कार केला. मीही केला. पाळण्यांपाशी झाडणाऱ्या बाईनं खराटा थांबवून वाट दिली आणि विचारलं, "आज एकट्याच?"

मी म्हटलं, "मुलगी आलीय. पाण्यात गेलीय."

ती जराशी गोंधळली. "हां, असंल," म्हणाली आणि पुन्हा झाडायला लागली.

पुढं उसाच्या रसाचं दुकान होतं. तिथली बाई अक्कलकोटकडची असावी, बोलण्यात कानडी हेल होता. मी गाडी थांबवायच्या आत तिनं चरकात ऊस घातला. "या अक्का. बिनबर्फाचा, आलं जास्त. हाय ध्यानात."

मी रस असाच पिते. बिनबर्फाचा, आलं जास्त घालून. ग्लास हातात घेतला, पण तो तोंडाला लावता येईना. मी म्हटलं, "बाई, तुमची काहीतरी चूक होतेय. मी इथं पहिल्यांदाच आलेय."

ती खळखळून हसली. शेजारी भाजलेल्या शेंगा विकणाऱ्या माणसाला तिनं हाक मारली, "ऐकलंस? आज बी तेच." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "तुमी दर बारीला हेच म्हनता की, अक्का. पहिल्यांदाच आलोय म्हनून."

मी जे खरं ते सांगितलं होतं आणि त्यामुळंच तिची खात्री पटली होती की तिची ती अक्का मीच आहे. मी तिच्याकडं नीट बघितलं. ती मात्र माझ्या चेहऱ्याकडं बघत नव्हती. लाल गाडी, मागची उशी, माझे कापलेले पांढरे केस, चष्मा, एवढंच तिला दिसत होतं. खुर्चीत बसलेल्या बाईचा चेहरा कुणी फार बघत नसावं. मी रस प्यायले. चांगला होता.

तिथून निघाले ते डायनासोरांच्या गल्लीत शिरले. दोन्ही बाजूंना सुबाभळी, त्यांच्या आडून सिमेंटच्या माना बाहेर आलेल्या. प्रत्येकाच्या पोटात स्पीकर होता आणि जवळून काही गेलं की तो गुरगुरायचा. मी पुढं गेले की एकेक प्राणी माझ्यावर ओरडायचा. लांब पाण्याच्या बाजूला गाणी चालू होती. मग वीज गेली. एका क्षणात गाणी थांबली, पंप थांबले, प्राण्यांचं गुरगुरणं अर्धवट तुटलं. सगळ्या पार्कमध्ये फक्त माझ्या गाडीची बारीक घरघर राहिली, कारण ती बॅटरीवर होती. मी खटका सोडला तर तीही थांबली. मग सुबाभळीच्या वाळलेल्या शेंगांचा आवाज ऐकू यायला लागला.

त्या शांततेत मागून पावलं आली. सावकाश, चपला घासत. माझ्या पाठीमागं येऊन ती थांबली आणि सीटच्या आधारावर, माझ्या खांद्याला जेमतेम लागेल असा, कुणीतरी हात ठेवला.

"इतका वेळ कुठं होतीस?"

मी वळून बघितलं. पंच्याहत्तरीच्या पुढचे गृहस्थ, गोरे, उंच. पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा, पण बटणं एका घरानं चुकलेली, त्यामुळं कॉलरची एक बाजू वर आली होती. ते माझ्या डोळ्यांत बघत होते. सकाळपासून पहिल्यांदा कुणीतरी माझ्या चेहऱ्याकडं बघत होतं आणि त्यांना त्यात काही चुकीचं दिसत नव्हतं.

मी ओरडायला हवं होतं, निदान विचारायला हवं होतं, आपण कोण म्हणून. माझ्या तोंडून निघालं, "बटणं चुकलीत."

ते लगेच गाडीच्या पुढं येऊन उभे राहिले, हात बाजूला सोडून, मापाला उभी राहणारी मुलं राहतात तसे. मी बसल्या बसल्या खालून बटणं सोडली आणि नीट लावली. माझ्या हातांनी ते काम चाळीस वर्षं केलं होतं, पण त्या वेळी ते माझेच हात आहेत असं मला वाटलं नाही. बटणं लावून झाल्यावर त्यांनी कॉलर चाचपली आणि पुन्हा मागं जाऊन सीटवर हात ठेवला.

"चल," ते म्हणाले.

मी खटका दाबला. गाडी त्यांच्या चालीनं चालायला लागली. वेग कासवावर का ठेवला होता, ते तेव्हा कळलं. ती गाडी त्यांच्या पायांच्या वेगाला बांधलेली होती. थोडं पुढं गेल्यावर त्यांनी विचारलं, "आपण हितं आधी आलोय का?"

"नाही," मी म्हटलं. "पहिल्यांदाच."

"मग सगळं बघू," ते खूश होऊन म्हणाले आणि रसवाली का हसली तेही माझ्या ध्यानात आलं. ती दुसरी बाई दर खेपेला हेच सांगत असणार, त्यांच्यासाठी. माणूस विसरतो, हे मला कळत होतं. त्याला एखाद्या बाकावर बसवून कुणाला तरी बोलवावं, हेही कळत होतं. त्या गल्लीत मात्र कुणी नव्हतं आणि खांद्यापाशी तो हात होता. हलका, पण सरावाचा. मी चालत राहिले.

ते अधूनमधून बोलत होते. पाण्याची टाकी गळतेय म्हणाले. गच्चीवर कुणाचं तरी मांजर येतं म्हणाले. मग, त्याच आवाजात, "त्यांनी घरात तुझा फोटो लावलाय. हार घातला होता. मी काढून ठेवला."

मी खटका तसाच दाबून धरला.

"जिवंत माणसाच्या फोटोला हार घालतात का? पोरांना काही कळत नाही. मी कपाटात ठेवलाय, तुला दाखवतो."

मला खालची ती उशी जाणवायला लागली. तिच्यातला बसून बसून पडलेला खळगा, ज्यात मी सकाळपासून इतकी आरामात बसले होते. उठावंसं वाटलं. उठता येत नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी एक चाळिशीचा माणूस धावत आला. हातात पाण्याची बाटली. आम्हाला बघून तो जागच्या जागी थांबला. त्याचा रंग उतरला होता. तो माझ्याकडं बघत होता, मग उशीकडं, मग पुन्हा माझ्याकडं.

"बघ," म्हातारे त्याला म्हणाले. "सापडली."

तो मुलगा होता त्यांचा. तो जवळ आला, वाकला आणि अगदी हळू म्हणाला, "माफ करा, काकू. आई दिवाळीत गेली. दर आठवड्याला दोघं इथं यायचे. आधी आम्ही बाबांना रोज सांगत होतो. ते रोज नव्यानं रडायचे. म्हणून सांगायचं सोडलं. मी पाणी घ्यायला गेलो तेवढ्यात…" तो थांबला. "लांबून बघितलं तर मलाही वाटलं."

"आता घरी जाऊ," म्हातारे म्हणाले. "ऊन लागेल हिला."

मुलगा माझ्याकडं बघत होता. तो काही मागत नव्हता, पण मला समजलं. मी म्हटलं, "तुम्ही गाडीत जाऊन बसा. मी ही गाडी जमा करून मागून येतेच."

ते हलले नाहीत. "दवाखान्यातनंही असंच म्हणालीस," ते म्हणाले.

मुलानं मान खाली घातली. मी त्या माणसाच्या नीट लावलेल्या बटणांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "या वेळी येते."

त्यांनी सीटवरचा हात काढला. मुलानं त्यांना दंडाला धरून वळवलं. थोडं पुढं जाऊन त्यांनी मागं बघितलं आणि मी मान हलवली. त्याच वेळी वीज आली. सगळे प्राणी एकदम गुरगुरले. ते दचकले नाहीत. मी दचकले.

मुलगी आणि नात ओल्या केसांनी शेडपाशी उभ्या होत्या. निळ्या कोटाच्या बाईनं मला उतरवलं. मी तिला सांगितलं, "तुम्ही समजता ती मी नाही. त्या बाई दिवाळीतच गेल्या. आत्ता त्यांचा मुलगा भेटला."

ती माझा दंड धरून तशीच उभी राहिली. मग तिनं माझ्या चेहऱ्याकडं बघितलं, कपाळ, नाक, हनुवटी, एकेक करत. "व्हय की," ती म्हणाली. "तुमी न्हाय." आणि तिनं हात काढून घेतला, चटका बसल्यासारखा. मुलीनं मला धरलं नसतं तर मी पडले असते. आम्ही निघालो तेव्हा ती मला सावकाश जा म्हणाली नाही, या पुन्हा असंही म्हणाली नाही. तिच्या लेखी मी आता तिथं नव्हतेच.

मुलीला मी गाडीत बसल्यावर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तू त्यांना येते म्हणून का सांगितलंस?" मी म्हटलं, "दुसरं काय सांगणार होते?" पार्किंगमधून बाहेर पडायच्या वाटेवर उसाचा ट्रॅक्टर आडवा आला होता आणि गाड्या खोळंबल्या होत्या. आमच्या शेजारी एक पांढरी गाडी होती. काच खाली होती. पुढं मुलगा, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. मागं ते गृहस्थ बसले होते, एका बाजूला सरकून, शेजारी जागा ठेवून.

ते बोलत होते. रिकाम्या जागेकडं तोंड करून, हळू आवाजात, मधेच थांबून ऐकत. एकदा ते हसले. माझ्यात आणि त्यांच्यात हातभर अंतर होतं. त्यांनी बाहेर बघितलं, सरळ माझ्याकडं, आणि अनोळखी बाईकडं बघून जशी नजर वळवतात तशी सभ्यपणे वळवली. मग वाकून त्यांनी शेजारच्या सीटचा पट्टा ओढला आणि सावकाश, जपून लावला.

"आई, कोण आहेत ते?" मुलीनं विचारलं.

ट्रॅक्टर निघाला होता. मागून हॉर्न वाजायला लागले.

"जाऊ दे," मी म्हटलं. "त्यांना आधी जाऊ दे."