जूनचे अंक

नोएडातल्या माझ्या दुकानात आज जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा सोडला आणि त्या कोंदट वासाने मला पहाडगंजच्या फुटपाथवर नेऊन बसवलं. सलग तिसरा रविवार, एकही अंक खपला नव्हता. संध्याकाळी सगळं रद्दीत घालायचं ठरवलं होतं. तेवढ्यात माझी ‘जुने अंक’ ही पाटी वाचून एक गृहस्थ थांबले.

“सिर्फ जून के हैं? बीवी मराठी है, उसे दिवालीवाला चाहिए.”

“जुने मतलब पुराने, भाईसाब. और सारे दिवाली के ही हैं.”

ते स्वतःशीच हसले, उकिडवे बसले आणि चार अंक निवडून घेऊन गेले.

तीच पाटी आज दुकानावर आहे. चुकीचं वाचून का होईना, माणसं थांबतात.