बोडीत फेकलेल्या गोळ्या

अड्याळहून सकाळची एसटी धरली. मांडीवर लाखोळीच्या डाळीच्या वड्यांचा डबा.

"मावशी, वासानंच जीव जाऊन राहिला," शेजारची बाई म्हणाली.

"जाऊ दे. पोरासाठी हायेत."

भंडाऱ्याला गाडी बदलली. शहापूर मागे पडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान पिवळं झालं होतं. नागपूरला दवाखान्याच्या दारात पोरगा उभा होता. पस्तिशीचा आहे, वाळला आहे. त्याला एचआयव्ही निघाल्याचं फोनवर कळलं होतं. त्याचे संबंध पुरुषांशी आहेत, हे आधीपासून ठाऊक होतं.

त्यानंच मला डॉक्टरीणबाईंसमोर बसवलं.

"याचं पोट लहानपणापासून बिघडते. त्याच्यानं झालं काय?" मी विचारलं.

"आतड्यात जंतू सगळ्यांच्याच असतात. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये ते पुष्कळदा वेगळे दिसतात. त्यामुळे आतडं सुजलेलं राहून विषाणूला शिरणं सोपं जात असावं. त्यावर शोध चालू आहे."

"म्हणजे जंतूंनीच."

"नाही, आजी. विषाणू निरोध न वापरलेल्या संबंधातून आला. तो अडवायची रोजची गोळी असते. तुमचा मुलगा ती घेत होता, मग सोडली. चालू असती तर बहुतेक टळलं असतं."

गेल्या वर्षी मंडईला (दिवाळीनंतरची गावजत्रा) तो घरी आला होता. मंडईला आमच्याकडे घर पाहुण्यांनी भरतं. त्याच्या पिशवीत गोळ्यांची बाटली दिसली. औषध आहे म्हणजे रोग झालाच, असं मी धरलं आणि बाटली बोडीत (लहान तळ्यात) फेकली. तो शोधू लागला तर मी म्हणाले, "तुहे धंदे माह्या घरी नोको." तो त्याच दिवशी निघून गेला.

दवाखान्याबाहेर बाकावर डबा उघडला.

"गोया म्या फेकल्या," मी म्हणाले.

"मालूम हाय, माय."

"मंग दुसऱ्या काहून नाही आणल्या?"

"तुले माही लाज वाटली, मंग मलेबी वाटाले लागली. गोयाच्या रांगेत उभं राहवेना." त्यानं वडा खाल्ला. "मीठ कमी हाय."

"गावात पुसलं त काय सांगू?"

"खरं सांग. आता कायले लपवतेस?"

रोज औषध घेतलं तर तो पुष्कळ जगेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. जन्मभर घ्यावं लागेल.

संध्याकाळी घरी पोचले. शेजारीण आली. मी खरं ते सांगितलं. ती म्हणाली, "कायच्या गोया घेते तो?"

गेल्या मंडईला एवढंच मी त्याला विचारलं नव्हतं.