पायाळूची अट

आमच्या अकरा नंबरचा घोटा मुरगळला तो क्षण मी पाहिला नाही, ऐकला. दौंडच्या मैदानावर कॉर्नरच्या झेंड्यापाशी माझी ठरलेली जागा आहे. पोरगं डाव्या बाजूनं चेंडू घेऊन माझ्याच दिशेनं येत होतं, मी नेहमीप्रमाणे आधीच हात वर केले होते, आणि तेवढ्यात ओली काडी मोडावी तसा आवाज आला. मैदानावर एवढी माणसं, पण कुणी ओरडलं नाही. माझे हात वरच राहिले.

अकरा नंबर म्हणजे कोण, ते सांगतो. वरवंडच्या अलीकडे एका वस्तीवर राहणारा विशीतला पोरगा. त्याचे आजोबा मेंढरं घेऊन फिरायचे, बाप आता सणसवाडीला कारखान्यात असतो आणि आठवड्याला घरी येतो, आई शेत आणि दोन म्हशी सांभाळते. हा मेंढरांसारखाच पळतो, वळण घेताना कळतच नाही कधी वळला. त्याच्या पाठीवरचा अकरा आकडा मी शिवलाय. मी शिंपी आहे, आणि आमच्या टीमचे सगळे शर्ट माझ्या मशिनीखालून जातात. महिन्याभरात त्याची पुण्यात ट्रायल होती. खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी. पास झाला तर घरात पहिला पगारदार खेळाडू, नाही झाला तर बापाच्या शेजारी मशिनीवर उभा. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी ओरडलं नाही.

त्याची आई माहेरची शिरूर भागातल्या न्हावऱ्याची, त्यामुळे तिचा विश्वास फक्त शिरूरच्या डॉक्टरवर. दौंडात डॉक्टर असताना पोराला तिकडं नेलं. फोटो काढला. हाड शाबूत होतं, शीर ताणली होती आणि थोडी फाटलीही होती. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर पाय वर ठेवा, बर्फ लावा, मग या, हळूहळू चालवायला लागू. पळणार कधी, असं विचारल्यावर ते म्हणाले, "बघू."

या एका 'बघू'नं माझं दुकान आठवडाभर भरलेलं राहिलं.

दोन बाकांवर दोन पक्ष बसले. एका बाकावर बेकरीवाले चाचा. दौंडात तीन पिढ्या पाव भाजणारं घर, आणि फुटबॉलचं वेड पावापेक्षा जुनं. त्यांचं म्हणणं, येत्या रविवारी फायनल आहे, घोट्याला पट्टी आवळून बांधायची आणि शेवटचा अर्धा तास उतरवायचा. समोरच्या बाकावर आबा. रेल्वेत गार्ड होते, रिटायर झाले तरी बोलताना हातात झेंडी असल्यासारखे बोलतात. त्यांचं म्हणणं, ट्रायलपर्यंत पोरानं बूटसुद्धा बघायचा नाही. मधल्या मंडळींनी मोबाइल काढले. युरोपातला कुणी एक पंधरा दिवसांत परत आला होता, दुसरा कुणी वर्षभर आलाच नव्हता. दोन्ही पक्षांना आपापला खेळाडू सापडत होता. मीही भर घालत होतो. शर्टाच्या कॉलरला टीप मारता मारता मी घोट्यातली शीर कशी असते ते इलॅस्टिकची पट्टी ताणून दाखवलं. पट्टी माझ्या हातातच तुटली.

मग पोराचा फोन आला. चाचांनी तो स्पीकरवर लावला. पोरगं म्हणालं, "चाचा, मी रविवारी खेळतो. सूज उतरली हाय."

आवाजात नको तेवढी हुशारी होती. मैदानावर काडी मोडल्याचा तो आवाज मला पुन्हा ऐकू आला, आणि या खेपेला तो अजून झालाच नव्हता. व्हायचा होता. आबांनी फोनकडे पाहिलं आणि चाचांना म्हणाले, "सिग्नल लाल असताना गाडी सोडायची नसती."

"सिग्नल कुणाच्या हातात हाय आबा? पोराच्या. त्यो सोडतोय," चाचा म्हणाले.

तेवढ्यात कोपऱ्यातनं कुणीतरी म्हणालं की अरे, आपल्यात पायाळू बसलाय की. सगळे वळले. माझ्या तोंडाकडे कुणी पाहिलं नाही, सगळे मशिनीखाली माझ्या डाव्या पायाकडे पाहत होते. आणि तो पाय पायट्यावर थांबला.

मी पायाळू आहे. जन्मताना आधी पाय बाहेर आले. आमच्याकडे अशा माणसाचा पाय लागला की भरलेली उसण जाते. पाठीत लचक भरलेली माणसं माझ्या दारात पालथी पडतात, मी डावा पाय हलका टेकवतो, ती उठतात आणि मागं न बघता घरी जातात. किती जणांची पाठ सुटली मला माहीत नाही, पण शिलाई द्यायला आल्यावर सरळ चालत आलेली पाहिली आहेत. पायाळूवर वीज पडते असंही म्हणतात, म्हणून आभाळ वाजलं की आई मला लहानपणी धान्याच्या कणगीमागं दडवायची. तेव्हापासून माझ्या पायाला मान आहे आणि मला भीती. दोन्ही एकाच अंगात नांदतात.

पाठीचं ठीक होतं. घोट्यावर मी कधी पाय ठेवला नव्हता. जरा जास्त भार पडला तर? पण दोन्ही पक्षांचं या एकाच गोष्टीवर एकमत झालं होतं, आणि एकमत झालेल्या फुटबॉलवाल्यांना नाही म्हणण्याची छाती माझ्याकडं नाही.

संध्याकाळी बाकं रिकामी झाल्यावर आबा मागं राहिले. त्यांनी मला जवळ बोलावून हळू आवाजात सांगितलं, की पाय लावशील तेव्हा एक अट घाल. अमावास्येपर्यंत पाय जमिनीला टेकायचा नाही. ते पोरगं डॉक्टरचं ऐकणार नाही, आपलं ऐकणार नाही, पण आई ऐकंल, आणि आई त्याला हलू देणार नाही. मला ही युक्ती इतकी आवडली की मी आबांना स्वतःच्या खिशातनं चहा पाजला. खोटं बोलायला मला कारण लागत नाही, इथं तर चांगलं कारण होतं.

दुसऱ्या दिवशी वस्तीवर गेलो. पोरगं खाटेवर, पाय उशीवर. मी डाव्या पायाचा अंगठा त्याच्या घोट्याला लावला, म्हणजे लावला न लावल्यासारखा केला, आणि डोळे मिटून, आवाज खाली नेऊन अट सांगितली. त्याच्या आईनं पदर डोक्यावर घेतला आणि मान हलवली. पोरानं माझ्याकडे असं पाहिलं की त्यानं मला मैदानावरच गाठलं असतं, पण पाय टेकता येत नव्हता.

रविवारी आम्ही फायनल हरलो. चाचा माझ्याशी बोलले नाहीत, पण माझ्या दुकानातल्या बाकावर बसून बोलले नाहीत. मी मनातनं खूश होतो. पोराचा पाय उशीवर होता.

मग चाचांनीच आपल्या बेकरीच्या गाडीतनं मायलेकरांना शिरूरला नेलं, आठवड्यानंतर दाखवायला. परतल्यावर ते घरी न जाता थेट दुकानात आले, आणि या खेपेला बोलले. डॉक्टरनं पट्टी सोडली आणि विचारलं की पाय अजून टेकवला का नाही. आता भार द्यायला सुरुवात करायची, रोज थोडं चालायचं, घोटा गोल फिरवायचा. आई डॉक्टरसमोर हो हो म्हणाली, आणि बाहेर येऊन पोराला चाचांच्या खांद्यावर टाकलं. वाटेत चाचांनी समजावलं, तर म्हणाली, अमावास्या व्हायची हाय अजून.

"डॉक्टर काय म्हणले ते सांगतो," चाचा म्हणाले. "घोटा आखडत चाललाय. आत्ता हलवला न्हाई तर ट्रायल विसरा."

ट्रायल अमावास्येला लागूनच होती. अमावास्येची वाट पाहिली तर पोरगं पाय टेकायला शिकणार आणि त्याच आठवड्यात पळणार. माझ्या हातातली कात्री मी खाली ठेवली. आबांना बोलावलं. त्यांनी सगळं ऐकलं, आणि एवढी वर्षं गाडीची जबाबदारी घेतलेला माणूस मला म्हणाला, "तूच जा. अट तुझ्या तोंडची हाय."

गेलो. त्या रस्त्यावर एवढं घाबरून मी कधी गाडी चालवली नव्हती. वस्तीवर पोराची आई, आमच्या वहिनी, ओसरीला कांदे निवडत बसल्या होत्या. पोरगं खाटेवर तसंच. मी उशीवरचा पाय बघितला. पोटरी दुसरीपेक्षा बारीक झाली होती. पळणाऱ्या माणसाची पोटरी इतक्या लवकर जाते हे मला ठाऊक नव्हतं. ज्या पोटरीच्या जोरावर तो आमच्या कॉर्नरला यायचा, ती माझ्या अटीनं खाल्ली होती.

मी वहिनींना खरं सांगितलं. अट पायाळूची नव्हे, माझी आणि आबांची. पोरानं रविवारी खेळू नये म्हणून रचलेली. डॉक्टर सांगतात तेच करा.

त्यांनी कांदा खाली ठेवला नाही. म्हणाल्या, "भाऊ, मॅच हरल्याली हाय तुमची. आता पोराला लवकर उतरवायचं हाय म्हणून बोलताय."

मी गळ्याची शपथ घेतली. त्या म्हणाल्या, गळ्याच्या शपथा तुम्ही कापड वेळेवर देतो म्हणूनही घेता. हे खरं होतं. आयुष्यभर मी गोष्टी रंगवून सांगितल्या, लोकांनी मजेनं ऐकल्या, आणि आज पहिल्यांदा एक साधी, बिनरंगाची गोष्ट सांगत होतो तर ती कुणाला खरी वाटत नव्हती. मागं खाटेवर पोरगं कोपरावर उठलं. त्याला बोलायचं होतं, पण आईच्या तोंडाकडं बघून पुन्हा आडवं झालं.

"मागल्या साली माझी उसण गेली ती पण खोटी का?" वहिनींनी विचारलं.

इथं मी अडकलो. खोटी म्हणावं तर त्यांची पाठ पुन्हा धरायची, खरी म्हणावं तर अटही खरी.

"उसण खरी," मी म्हणालो. "अट तेवढी खोटी."

त्या उठल्या. आत देव्हाऱ्याशी गेल्या आणि खंडोबाच्या लाकडी कोटंबीतला भंडारा आणि वाळलेलं बेलाचं पान घेऊन आल्या. आमच्या भागात बेल-भंडारा उचलून बोललेलं कुणी मोडत नाही. त्यांनी तो माझ्यासमोर धरला. म्हणाल्या, "ह्यो उचला. अट खोटी असंल तर पोराला काय व्हणार न्हाई. खरी असंल तर त्याच्या पायाचं दुखणं तुमच्या पायावर येऊ द्या. म्हणा तसं."

हसू नका. तुम्ही हसाल, कारण तुम्ही तिथं नव्हता. अट मी रचली होती, मला पक्कं माहीत होतं की ती खोटी आहे. तरी माझा हात पुढं जाईना. पायाळूचा पाय खोटं बोलायला वापरला याचा हिशोब देव कुठं लिहितो कुणाला ठाऊक. माझा पाय म्हणजे माझी मशीन, माझी मशीन म्हणजे माझं घर. डाव्या घोट्यात मला आत्ताच काहीतरी हललं असं वाटलं. मी पोराच्या पोटरीकडं पाहिलं. मग भंडारा उचलला आणि सांगितलं तसं म्हणालो, शब्द न गाळता. तळहात पिवळा झाला तो दोन दिवस मी धुतला नाही.

वहिनींनी पोराला मान हलवून खूण केली. त्यानं खाटेच्या कडेला बसून पाय खाली सोडला. आधी अंगठा, मग बोटं, मग टाच. सारवलेल्या जमिनीवर टाच टेकली आणि त्याचा जबडा आवळला गेला. मी खाटेच्या खुराला धरून उभा.

"दुखतंय?" वहिनींनी विचारलं.

"व्हय. पण तवासारखं न्हाई. गंजल्यावानी दुखतंय."

त्या दिवसापासून ट्रायलपर्यंत तो त्या अंगणात चालत होता, घोटा फिरवत होता, एका पायावर उभं राहत होता, आणि चाचा रोज बेकरी बंद झाली की जाऊन बघून यायचे आणि दुकानात येऊन सांगायचे. पुन्हा दोन बाकं, पुन्हा वाद. आज जिना चढला म्हणजे तयार, नाही, जिना उतरला म्हणजे तयार. मी वादात भाग घेतला नाही. मी माझा पाय सांभाळत होतो. दुकानाच्या तीन पायऱ्या मी नव्या नवरीसारखा उतरायला लागलो. रस्त्यात खड्डा दिसला की दुसऱ्या बाजूनं. बायकोनं विचारलं, काय झालं, मी म्हणालो, काही नाही. आबा लांबूनच पायाकडं बघायचे आणि बरा दिसला की मग तोंडाकडं.

पुण्याला आम्ही सगळे गेलो, चाचांच्या गाडीत, पावाच्या वासात. वहिनीही आल्या. ट्रायलमध्ये त्याला दुसऱ्या अर्ध्यात उतरवलं. मी चेंडू पाहिलाच नाही. मी फक्त डावा घोटा पाहत होतो, पांढऱ्या पट्टीत बांधलेला. पहिली धाव घेतली, बरं. वळला, बरं. आणि मग एका धिप्पाड पोरानं मागून त्याच पायावर पाय घातला. अकरा नंबर पडला. वहिनींनी माझं मनगट धरलं, पण माझ्याकडं न बघता. मी माझे दोन्ही पाय जमिनीला घट्ट दाबून धरले. मला कळत नव्हतं की मी कुणाच्या घोट्याची वाट बघतोय, त्याच्या की माझ्या.

तो बसला. घोटा हातानं चाचपला. उठला. दोनदा जागेवर उड्या मारल्या आणि पळाला.

संपल्यावर पुढच्या फेरीसाठी बोलावलेल्यांचे नंबर वाचले, त्यात त्याचा होता. आमचा सगळा बाक उठला. चाचा आणि आबा, जे पंधरा दिवसांत एकमेकांशी सरळ बोलले नव्हते, एकमेकांच्या गळ्यात पडले. कॉर्नरवर सगळ्यात आधी हात वर करणारा मी एकटा बसून होतो, पाय जमिनीला चिकटवून, हात गुडघ्यांवर. उडी मारावी आणि वरून खाली येताना नेमका पाय वाकडा पडावा, एवढ्याच भीतीनं.

वहिनींनी वळून पाहिलं. आधी माझ्या पायाकडं, मग तोंडाकडं.

"उठा भाऊ," त्या म्हणाल्या. "टेकलाय त्याचा पाय. सुटले तुम्ही."

मी उठलो. पण हळूच.