बाजूला बसण्याचे दिवस

आमच्या हळ्ळीखेडच्या घरी सोवळेओवळे कडक होते. सून महिन्याचे ते दिवस परसदारच्या खोलीत काढी. तिचे पान दुरून वाढले जाई, पाणी वरून ओंजळीत सोडले जाई. त्यामुळे जी गोष्ट अन्यत्र नवराबायकोही संकोचाने बोलतात, ती आमच्या घरी पंचांगातील तिथीसारखी सर्वांना ठाऊक असे.

विवाहानंतर काही वर्षांनी माझ्या पत्नीच्या पोटात गाठ निघाली. गुलबर्ग्याच्या डॉक्टरीणबाईंनी शस्त्रक्रिया केली. एक बीजकोश काढावाच लागला. दुसऱ्याचाही रोगट भाग गेला, परंतु उरलेला त्यांनी मोठ्या प्रयासाने राखला. घरी सोडताना त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितले, की स्त्रीला बीजे जन्मासोबतच मिळतात. नवी होत नाहीत, औषधाने वाढत नाहीत. आहेत ती जपणे एवढेच हाती असते. मशेरी बंद, उपास बंद, अंगी लागेल असे जेवण. आणि मूल हवे असेल तर वाट पाहत बसू नका.

मशेरी तिने त्याच दिवशी टाकली. सोमवार मात्र सोडवेनात, कारण ते व्रत तिने मुलासाठीच धरले होते. मी पाठशाळेत शिकलेला. असमर्थाचे व्रत प्रतिनिधीने चालवावे आणि पत्नीसाठी पती प्रतिनिधी होऊ शकतो, हे मला ठाऊक होते. तिचे सोमवार मी घेतले. माझ्यासमोर बसून ती भाकरीवर तूप घेई, दूध पिई, आणि प्रत्येक घासाला संकोचे. आई म्हणे, "बायको तूप खायलीय आन् नवरा उपाशी बसायलाय. कलियुग म्हणत्यात ते हेच व्हय." पण तुपाची वाटी तीच पुढे सरकवी.

पुढच्या वर्षी एका महिन्यात पत्नी बाजूला बसली नाही. दुसऱ्याही महिन्यात नाही. आईने काही न विचारता तिच्या हातची घागर काढून घेतली. चुलीपुढे बसली असता ती एकाएकी घामाने भिजे, चेहरा तांबडा होई. ती गर्भाची ऊब, असे आई समाधानाने सांगे. मी संध्येनंतर गर्भरक्षणाचे मंत्र म्हणू लागलो. ती पोटावर हात ठेवून ऐकत बसे.

तिसऱ्या महिन्यात आम्ही गुलबर्ग्याला गेलो. तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाई बराच वेळ हात धूत राहिल्या. गर्भ नव्हता. राखलेल्या कोशातील बीजे संपली होती आणि पाळी, त्यांच्या मते, कायमची थांबली होती. पत्नीचे वय तेव्हा तिशीच्या थोडे पुढे होते. आमच्या जपण्यात काही उणे पडले का, एवढेच तिने विचारले.

"नाही, बाई. तुम्ही जपलंत. जपायला उरलंच थोडं होतं."

बस हुमनाबादला आली. खिडकीबाहेर पाहतच ती म्हणाली, "आईंना सांगू नका. त्यांची आशा तरी राहू दे."

"मग काय सांगायचं?"

"सांगायचं काही नाही. मी बाजूला बसते."

घरी आल्यावर ती कोणाला न शिवता अंगणाच्या कडेने सरळ त्या खोलीत गेली. आई दारातच उभी होती. तिथूनच तिने हाक दिली, "रडू नको गं. कामून रडायलीस? पुढच्या खेपेला टिकतंय बघ."

त्यानंतर आई होती तोवर, महिन्याकाठी आपणच दिवस ठरवून पत्नी त्या खोलीत जाऊन बसे. आईचे गुडघे धरल्यामुळे वाढण्याचे काम माझ्याकडे आले होते. या आचाराला शास्त्राचा आधार आहे की नाही, हे मी कोणत्याही ग्रंथात शोधले नाही. पान दुरून सरकवी, तांब्या उंच धरी. ओंजळीत पाणी सोडताना आम्ही एकमेकांकडे पाहत नसू.